डिस्क फोर्सेप्स आणि केरीसन पंच: ट्रॉलीच्या या बाजूनं रिव्ह्यू

मणक्याच्या हत्यारांबद्दल बोलतात सगळे सर्जन लोक, आणि ते हत्यार हातात धरतात तेवढं ऑपरेशनपुरतं. आधी लावणं, मधे पुसणं, नंतर धुणं, उघडणं, तेल घालणं, ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनला लावणं हे सगळं आमच्याकडे, त्यामुळे हत्यार चांगलं का भंगार हे आमच्या हाताला आधी कळतं. मी मिरजेत ओटी सिस्टर आहे. मिरजेत तर गल्लोगल्ली दवाखाने, त्यात आमच्याकडे गादीच्या केसेस जास्त, सांगली-कोल्हापूर सोडाच पण बेळगाव-विजापूरकडनंही पेशंट येतात. डिसेक्टॉमीचा, म्हणजे सरकलेली गादी काढायच्या ऑपरेशनचा नवा सेट घ्यायचं निघालं तेव्हा तीन मेकचे पीस वापरून बघायला मिळाले, एक जर्मन, एक इंडियन त्यातल्या त्यात बऱ्यापैकी नाव असलेला, आणि एक डीलरनं "सिस्टर, नुसता वापरून तर बघा" म्हणून घुसडलेला स्वस्तातला. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, इनबॉक्समध्ये पण विचारू नका.

ज्यांचा या लायनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. कड्याला चीर पडून गर मागे सरकला की नस दबते आणि कंबरेपासून पार पोटरी-पावलापर्यंत कळ जाते. बहुतेक वेळा ही भानगड कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्येच, म्हणजे एल४-५ आणि एल५-एस१. सगळ्यांना ऑपरेशन लागतं असं अजिबात नाही, बरेच जण गोळ्या-व्यायामावर काही आठवड्यांत सुधारतात, उरलेले आमच्याकडे. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली पेपर लिहून दाखवलं की सायटिकाच्या मागे हा सरकलेला गर असतो आणि तो काढला की माणूस बरा होतो, तेव्हापासून काढायची पद्धत बदलत गेली पण हत्याराची मूळ आयडिया तीच राहिली, लांब दांडी आणि टोकाला चावणारा जबडा. १९७७ साली यासरगिल आणि कास्पार यांनी मायक्रोस्कोपखाली करायची पद्धत छापली, मग चीर लहान होत गेली, आणि चीर लहान झाली म्हणजे हत्यारं अजून बारीक आली, आणि बारीक हत्यार म्हणजे धुवायला अजून वैताग. हे शेवटचं कुठल्या पेपरात छापून येत नाही.

आता मुद्द्यावर. या ऑपरेशनला दोनच हत्यारं खरी राबतात, केरीसन पंच आणि डिस्क फोर्सेप्स, ज्याला काही जण पिट्युटरी म्हणतात. बाकी पेनफिल्ड, नर्व्ह रूट रिट्रॅक्टर, क्युरेट वगैरे मदतीला.

पंचपासून सुरू करते कारण पैसे वाया जातात ते पंचमध्ये. याची खालची दांडी स्थिर असते, टोकाला पातळ फूटप्लेट, आणि हँडल दाबलं की वरची दांडी घसरत पुढे येऊन फूटप्लेटवर बसते, मधे जे सापडेल ते कापलं जातं. साइज १ मिमीपासून ६ मिमीपर्यंत मिळतात, कंबरेला आमच्याकडे २, ३ आणि ४ लागतात, १ मिमी मानेच्या केसला. याचं काम लॅमिनाची, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाची कड थोडी खायची आणि मग लिगामेंटम फ्लेव्हम, म्हणजे तो पिवळा पडदा, तुकड्यातुकड्यानं काढायचा. त्या पडद्याच्या खाली लगेच ड्यूरा, म्हणजे नसांभोवतीची पिशवी, आणि नस. म्हणजे फूटप्लेट हाडाखाली सरकवली की ती जवळजवळ ड्यूराला टेकूनच असते, म्हणून फूटप्लेट किती पातळ आहे आणि कड किती स्वच्छ कापते यावर सगळं. बाकी चकाकी, सोनेरी हँडल, काळं कोटिंग हे सगळं नंतर.

धार तपासायची सोप्पी पद्धत आहे, जाडसर कागद घ्यायचा, व्हिजिटिंग कार्डपेक्षा जरा पातळ, आणि पंचनं चावा घ्यायचा. चांगल्या पंचचा तुकडा सुटून खाली पडतो, कागदाला अर्धगोल भोक, कड स्वच्छ. तुकडा लोंबत राहिला, कागद दुमडून पंचमध्ये अडकला की तो पंच संपला. आम्ही डीलरसमोरच केलं. जर्मन आणि इंडियन दोन्ही पास, स्वस्तातल्याचा २ मिमी बरा होता पण ३ मिमीमध्ये कागद अक्षरशः चघळला, आणि हा नवाकोरा पीस, पॅकिंगमधनं काढलेला. डीलर म्हणे सिस्टर तुम्ही कागद कापायला घेताय का हाड कापायला. मी म्हटलं दादा, कागद नाही कापत तर पेशंटचं काय कापणार.

धार गेल्यावर काय होतं ते टेबलाशी उभं राहिलं की कळतं. सर म्हणतात "सिस्टर, हा कापत नाहीये, ओढतोय", म्हणजे फ्लेव्हमचे धागे तुटत नाहीत, सर्जनला पंच थोडा ओढावा लागतो आणि खाली ड्यूरा चिकटलेला असेल तर तोही सोबत ओढला जातो आणि फाटतो. मग ड्यूराच्या आतलं पाणी गळतं, टाके नाहीतर पॅच-ग्लू, पेशंट आडवा पडून, डोकेदुखी, नातेवाईकांना समजावणं, सगळी लाइन लागते. एका धारेपायी. फाटायला दुसरी कारणं पण असतात, म्हाताऱ्या माणसात पडदा चिकटलेलाच असतो, पुन्हा केलेल्या ऑपरेशनमध्ये तर विचारूच नका, पण बोथट पंच हे टाळता येण्यासारखं कारण आहे. आमच्याकडे आता हाडाचा ३ मिमी वेगळा आणि फ्लेव्हमचा ३ मिमी वेगळा, हँडलला रंगीत टेप लावलीय, हाड खाऊन खाऊनच धार जाते म्हणून. नवीन पोरी टेप बघत नाहीत आणि हाडाचा पंच फ्लेव्हमला देतात, सरांना चावा घेतल्यावर कळतं आणि मग बोलणी मला.

इंडियन पंचबद्दल सांगायचं तर नवीन असताना जर्मनच्या शेजारी ठेवला तर डोळे झाकून फरक कळणार नाही. फरक पडतो वापरल्यावर, वरची दांडी खाचेत थोडी हलायला लागते, म्हणजे फूटप्लेटवर बरोबर मधोमध न बसता किंचित बाजूला बसते, आणि मग एका बाजूनं कापतो दुसऱ्या बाजूला धागा राहतो. जर्मनमध्ये हे अजून नाही झालं. पण किंमत कित्येक पट, हेही खरं.

फोर्सेप्सची गोष्ट वेगळी. इथं कापण्यापेक्षा पकडणं महत्त्वाचं. टोकाला दोन छोट्या वाट्या, २, ३, ४ मिमी रुंद, साधारण १० मिमी लांब, सरळ आणि वर वळलेली. कड्याला भोक केलं की आतला गर या वाट्यांनी उचलायचा. गर कसा दिसतो विचारतात नातेवाईक, शिजवलेल्या खेकड्याच्या मांसासारखा, पांढुरका, तंतू तंतू सुटणारा, सर्जन लोक पण हीच उपमा देतात. तरुण पेशंटचा मोठा तुकडा कधीकधी एका ओढीत अख्खा येतो आणि सर मायक्रोस्कोपमधनं डोकं न काढता हात मागे करतात, मी ओल्या गॉजनं वाटी पुसून तुकडा बाऊलमध्ये टाकते, फोर्सेप्स परत हातात. हे इतक्या वेळा होतं की पुसायला किती वेळ लागतो यावरसुद्धा फोर्सेप्स चांगला-वाईट ठरतो. दात असलेल्या वाटीत तंतू अडकतात, गुळगुळीत वाटीतनं तुकडा निसटतो, भोक असलेली वाटी पकडते पण छान आणि पुसायला पण बरी, मला तीच आवडते. सरांना दातवाली आवडते. ठेवल्यात दोन्ही. बाऊलमधलं नंतर बाटलीत जातं, थोडं नातेवाईकांना दाखवायला, आपल्याकडे दाखवल्याशिवाय लोकांचा विश्वासच बसत नाही.

फोर्सेप्स घेताना काय बघायचं, तर बंद करून ट्यूबलाइटसमोर धरा, दोन वाट्यांच्या मधनं उजेड दिसता कामा नये. मग टोक दोन बोटात धरून आडवं हलवा, खेळ असेल तर पिन ढिली. या फोर्सेप्सचा जबडा एका टाचणीएवढ्या पिनवर फिरतो आणि सगळा जोर त्या पिनवर. स्वस्तातल्या पीसबद्दल माझं मत फायनल इथंच झालं. गर चिवट होता, सरांनी पकडून फिरवला, आणि टक् असा आवाज येऊन हँडल एकदम मोकळं झालं. बाहेर आला तेव्हा वरचा जबडा नाही. सगळे गार. सी-आर्म, म्हणजे ओटीतलं एक्स-रे मशीन, आत घेतला, डिस्कमध्येच दिसला, दुसऱ्या फोर्सेप्सनं अलगद काढला, पेशंटला काही झालं नाही, पण तेवढा वेळ भूलतज्ञ मॅडमसकट कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानंतर ठरवलं की गॉज मोजतो तसे जबडे पण बघायचे, प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर एक नजर टोकाकडे. तो पीस डीलरला परत केला तर म्हणतो जास्त जोर लावला असणार. अरे बाबा, जोर लावायलाच असतो तो.

खोलीचं अजून एक. कंबरेच्या गादीची मागून पुढे खोली साधारण साडेतीन सेंमी, आणि तिच्या पुढच्या बाजूला लगेच मोठ्या रक्तवाहिन्या, एल४ च्या आसपास महाधमनी दुभागते. मागच्या भोकातनं घातलेला फोर्सेप्स पुढचं कडं फोडून बाहेर गेला तर थेट तिथं. हे फार क्वचित होतं पण झालं तर जिवावरचं, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा भोकातनं रक्त दिसतच नाही, सगळं पोटात जातं, आधी बीपी पडतं. म्हणून ३ सेंमीच्या पुढे जायचं नाही हा नियम बहुतेक सर्जन पाळतात. काही फोर्सेप्सवर दांडीला खुणा कोरलेल्या असतात, घेताना त्या असलेलाच घ्या, शंभर टक्के. इंडियन मेकवर खुणा होत्या आणि ठळक होत्या, जर्मनचा जो पीस आमच्याकडे आला त्यावर नव्हत्या, मागवला तर खुणांचा वेगळा कोड आणि वेगळी किंमत. इथं इंडियनला पूर्ण मार्क. आणि फोर्सेप्स आत जाताना बंद, आत गेल्यावर उघडायचा, हे सर ज्युनियरला ओरडून ओरडून सांगतात.

किती गर काढायचा यावरही सर्जन लोकांत जुना वाद आहे, नुसता सरकलेला तुकडा काढून थांबायचं का आतला सगळा खरवडून काढायचा. कमी काढला तर पुन्हा सरकण्याची भीती, जास्त काढला तर कंबर दुखत राहते. पुन्हा सरकण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगतात, म्हणजे पेशंटनं आधीच ऐकून ठेवावं असा आकडा आहे. आमचे सर तुकडा काढून थांबणाऱ्यातले, त्यामुळे आमचे ४ मिमी फोर्सेप्स मोकळेच पडून असतात.

आता धुणं, म्हणजे माझा खरा विषय. पंचच्या दोन दांड्यांमध्ये जी खाच असते ना, त्यात रक्त आणि हाडाचा भुगा जाऊन बसतो, आणि बाहेरून पंच चकाचक दिसतो. जर्मन पीस उघडणारा होता, एक खटका दाबला की वरची दांडी अलगद सुटते. मी आमचा जुना न उघडणारा पंच मेकॅनिककडून स्क्रू काढून उघडवला आणि आत बघितलं तर खाचेत तपकिरी खरवड, वाळलेली, ब्रशनं पण लवकर निघेना. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फसफसला, म्हणजे रक्तच. किती वेळा ऑटोक्लेव्ह होऊन आलेला पंच होता तो. वाफ घाणीच्या वर लागते, घाणीच्या आत नाही, त्यामुळे आधी साफ नसेल तर १३४ डिग्रीला लावा नाहीतर १२१ ला, काही उपयोग नाही. त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं, पंच उघडता येणारा नसेल तर फुकट दिला तरी घ्यायचा नाही. इंडियनमध्ये पण उघडणारे आता मिळतात, फक्त मागावे लागतात, डीलर स्वतःहून दाखवत नाही.

मावशींना शिकवताना त्रास झाला थोडा कारण उघडणाऱ्या पंचचे भाग अदलाबदल होतात, २ ची वरची दांडी ३ ला लागत नाही पण अर्धवट बसते आणि मग अडकते. एका वेळी एकच उघडायचा, एन्झाइमच्या पाण्यात, बारीक ब्रश खाचेतनं, मग अल्ट्रासॉनिक, मग आरओचं पाणी. बोअरच्या पाण्यानं शेवटचं धुतलं की पांढरे डाग ठरलेले. आणि सलाइनमध्ये हत्यार भिजत टाकणारे अजून आहेत, हात जोडते, नका टाकू, क्लोराइडनं स्टीलला खड्डे पडतात. डाग दिसला की पेन्सिलच्या खोडरबरनं घासून बघा, गेला आणि खाली गुळगुळीत असेल तर नुसता डाग, खाली खड्डा असेल तर गंज, तो पीस बाजूला काढा. सांध्याला हत्यारांचं पाण्यात विरघळणारं तेल, घरातलं मशीनचं तेल नाही, आणि ऑटोक्लेव्हला लावताना जबडा उघडा.

माल कुठला याबद्दल बाजारात भरपूर थापा चालतात. जर्मनीत टुटलिंगेन म्हणून डॅन्यूबच्या काठावर छोटं गाव आहे, अख्खं गाव सर्जिकल हत्यारांचं, एस्क्युलॅप १८६७ पासून तिथलीच. दुसरीकडे पाकिस्तानातलं सियालकोट, जगभरात हाताची हत्यारं तिथनं जातात, अर्धवट घडवलेला माल टुटलिंगेनला जाऊन फिनिश होतो हेही काही गुपित नाही. आपल्याकडे २०१९ ला पुलवामानंतर तिकडच्या मालावर २०० टक्के ड्यूटी बसली आणि २०२५ च्या मे महिन्यात आयातच बंद झाली. मग मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटला कुणी "जर्मन स्टील आहे" म्हणाला तर स्टील जर्मन असेलही, हत्यार कुठं झालं ते विचारा. बॉक्सवर उत्पादकाचं नाव, पत्ता, लॉट नंबर हवाच, आणि हत्यारावर पण कोरलेला हवा, नुसता स्टिकर नको. आमच्या स्वस्तातल्या पीसवर फक्त "स्टेनलेस" कोरलेलं होतं. काय उपयोग.

एंडोस्कोपीवाल्यांसाठी, म्हणजे दुर्बिणीतनं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दोन भोकांची यूबीई पद्धत हल्ली बरेच सर करायला लागलेत, त्यात हेच नेहमीचे पंच आणि फोर्सेप्स दुसऱ्या भोकातनं चालतात, वेगळा सेट फारसा लागत नाही, पण सगळं सलाइनच्या धारेत चालतं म्हणून केस संपल्या संपल्या साध्या पाण्यानं धुवायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. एका भोकाच्या एंडोस्कोपचे फोर्सेप्स मात्र वेगळे, लांबलचक आणि काडीएवढे बारीक, त्यात जोर लावला की गेलेच. ते मी फार हाताळलेले नाहीत म्हणून त्यांना मार्क देत नाही.

फोर्सेप्सला पर्याय शोधायचे प्रयत्न बरेच झाले हो. १९६० च्या दशकात पपईतनं काढलेलं एन्झाइम गादीत टोचून गर विरघळवायचे, अमेरिकेत त्याला १९८२ ला मान्यता पण मिळाली होती, काही पेशंटना जबरदस्त ॲलर्जी आली आणि पुढे ते बंद पडलं. १९८५ ला ओनिक यांनी कापून ओढून घेणारी सुई आणली, न्यूक्लिओटोम. मग लेझर, मग रेडिओफ्रिक्वेन्सी. पेपरात "बिनटाक्याचं" म्हणून जाहिराती येतात त्यातलं बरंचसं हेच, आणि थोड्या निवडक पेशंटना उपयोग होतोही. पण तुकडा सुटून नसेच्या मागे जाऊन बसला की तिथं सुई पोचत नाही, वाटीच लागते.

शेवटी आम्ही काय घेतलं, तर पंच जर्मन, २ आणि ३ मिमी, उघडणारे, आणि हाड खायला ४ मिमी इंडियन. फोर्सेप्स सगळे इंडियन, खुणावाले. अकाउंटवाल्यांना एकाच मेकचा अख्खा सेट हवा होता, डिस्काउंट मिळतो म्हणून, त्यांच्याशी भांडायला सर पुढे झाले म्हणून जमलं. घेताना धार लावून देण्याचं काम कोण करणार हे लिहून घ्या. कंपनीकडे पाठवला की पंच आठवडेच्या आठवडे येत नाही, आणि गावातल्या धारवाल्याकडे दिला तर तो फूटप्लेट घासून ठेवतो, पंच मग परत कधी नीट बसत नाही. जर्मनची सर्व्हिस हळू आहे पण फूटप्लेटला हात न लावता परत येतो. इंडियनवाला लवकर देतो, एकदा मात्र दुसऱ्याच हॉस्पिटलचा पंच आमच्या पाकिटात आला होता. मार्क द्यायचे तर पंचला जर्मन ५ पैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला, इंडियन साडेतीन. फोर्सेप्सला इंडियन ४. स्वस्तातल्याला एकही नाही.

आणि हो, सेटसोबत डीलरनं खाली वळलेला ४ मिमी फोर्सेप्स पण गळ्यात मारला. आल्यापासून पाकिटातनं बाहेर निघालेला नाही. तुमच्याकडे कुणी खरंच वापरत असेल तर कशाला वापरतात ते खाली लिहा, सरांना विचारलं तर तेही नुसते हसतात.